निकाहाला वकील चालतो, मग वसीयतीला का नको?

आपल्याकडे निकाह असला की एक वकील आणि दोन गवाह लागतात. वकील मुलीकडे जातो, तिची रजामंदी विचारतो, गवाह ती आपल्या कानांनी ऐकतात, मग बाहेर बसलेल्या काझीसाहेबांना सांगतात. निकाहनाम्यावर सह्या होतात. मेहर किती, नगद की उधार, हेही लिहिलं जातं. "घरचीच माणसं आहेत, लिहायचं कशाला?" असं त्या वेळी कुणी म्हणत नाही.

तोच माणूस साठीला येतो. रोशन गेटला दोन मजली घर, पडेगावला एक प्लॉट, बँकेत थोडी ठेव. चार मुलं, त्यांतल्या दोन मुली सासरी. त्याला म्हणा, "चाचा, वसीयत लिहून ठेवा, एखाद्या वकिलाला दाखवा." चाचा कानांवर हात ठेवतात. वकील? आमच्या घरात? आमच्यात काय भांडणं आहेत?

मी उर्दू आणि मराठी शिकवते. वकील नाही, आलिमाही नाही. पण दोन्ही भाषा येतात म्हणून लोक माझ्याकडे कागद घेऊन येतात. निजामाच्या काळातले उर्दू दस्त, आजोबांच्या हातची चिठ्ठी, शंभर रुपयांच्या बाँडवरचा करार. "टीचर, जरा वाचून सांगा ना, यात काय लिहिलंय." वाचता वाचता घरंच्या घरं समजतात. या कागदांतून माझं एक मत पक्कं झालं आहे, ते इथे मांडते. वसीयतीला वकील लागतो, असं कायदा म्हणत नाही, शरीयतही म्हणत नाही. तरीही आपल्यातल्या बऱ्याच घरांनी वकिलाकडे जायलाच हवं. आणि "आपल्यात वसीयत लागत नाही" हे वाक्य अनेकदा दीनदारीतून येत नाही. ते बहिणीचा आणि यतीम पोरांचा हिस्सा न देण्याच्या सोयीतून येतं.

पहिली सबब: "शरीयतनं वाटे ठरवून ठेवलेत"

ठरवलेत, खरं आहे. सूरह निसामध्ये आयत ११, १२ आणि १७६ मध्ये वारसांचे हिस्से आहेत. पण त्याच आयती वाचताना एक गोष्ट नजरेतून सुटते. हिस्से सांगून झाल्यावर पुन्हा पुन्हा बजावलं आहे की हे सगळं वसीयत आणि कर्ज फेडल्यानंतर. म्हणजे क्रम असा: आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि शेवटी विरासत. आपण मधल्या दोन पायऱ्या गाळतो आणि थेट चौथीवर उडी मारतो.

कर्ज म्हणजे फक्त सावकाराचं किंवा बँकेचं नव्हे. बायकोची न दिलेली मेहर हेही कर्जच आहे. चाळीस वर्षांपूर्वी निकाहनाम्यात लिहिलेली उधार मेहर दिली का? नसेल, तर नवरा गेल्यावर आधी ती मेहर, मग मुलांचे वाटे. किती घरांत हे होतं? मय्यतीच्या वेळी बेवेला "माफ केलं म्हण" असं सांगणाऱ्या बायका मात्र प्रत्येक मोहल्ल्यात सापडतात.

आणि वसीयत लिहिण्याबद्दल हदीस तर अगदी स्पष्ट आहे. अब्दुल्लाह इब्न उमर यांची बुखारीतली रिवायत सगळ्यांना माहीत असते: ज्याच्याकडे वसीयत करण्यासारखं काही आहे, त्यानं ती लिहिलेली जवळ नसताना दोन रात्रीही काढू नयेत. हुजूरांनी लिहायला सांगितलं. आणि व्यवहार कागदावर आणण्याबद्दल आणखी हवं असेल तर सूरह बकराची आयत २८२ उघडा. कुरआनातली सर्वांत लांब आयत ती. नमाजेबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, गवाह ठेवा, याबद्दल आहे. ज्या उम्मतीला लेखणीचा एवढा लांब हुकूम मिळाला, तिनं "तोंडी सांगून ठेवलंय" यावर घरं सोडावीत?

दुसरी सबब: "तोंडी सांगून ठेवलंय"

इथे कायद्यानं आपल्याला सूट दिली आहे आणि ती सूटच आपल्याला नडते. हिंदू, ख्रिश्चन, पारशी यांच्या मृत्युपत्राला १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे सही आणि दोन साक्षीदार लागतात. मुसलमानाच्या वसीयतीला तशी सक्ती नाही. ती तोंडी चालते, सहीशिवाय चालते, साध्या कागदावर चालते. मुद्रांक शुल्क कुणाच्याच मृत्युपत्राला लागत नाही. नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे ऐच्छिक आहे.

पण चालते म्हणजे टिकते असं नाही. तोंडी वसीयत कोर्टात सिद्ध करायची तर नेमके शब्द काय होते, कधी, कुणासमोर, हे सगळं सांगावं लागतं. ऐकणारे दोघे असतात. एक त्याच वर्षी वारतो, दुसरा ज्याच्या बाजूचा, त्याच्याच बाजूचं ऐकलेलं असतं. तलाठ्याला, सिटी सर्व्हेच्या कारकुनाला, बँकेच्या मॅनेजरला तोंडी वसीयत दाखवता येत नाही. त्यांना कागद लागतो.

२०१९-२० च्या हिवाळ्यात आठवतं का? जन्माचे दाखले, शाळेचे निर्गम उतारे, आजोबांच्या नावाचे जुने सातबारे यांसाठी आपले लोक कचेऱ्यांच्या रांगेत उभे होते. नावात एक काना जास्त पडला तरी रात्रभर झोप नव्हती. सरकारला दाखवायचा कागद एवढा जपणारे आपण पोटच्या पोरांसाठीचा कागद मात्र हवेत ठेवतो.

"वकील नको, मुफ्तीसाहेबांना विचारू" असं म्हणणाऱ्यांचंही अर्धंच बरोबर आहे. फराइजचा हिसाब मुफ्तीसाहेबांकडून जरूर करून घ्यावा, ते त्यांचं इल्म आहे. पण फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कुणावर लादता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये विश्व लोचन मदन खटल्यात सांगून टाकलं आहे. ज्या भावाला बहिणीचा हिस्सा द्यायचा आहे, त्याला फतवा पुरतो. ज्याला द्यायचा नाही, त्याला तो कागद वाटतो.

वसीयत म्हणजे मनमर्जी नाही

आता भाषेच्या शिक्षिकेचा एक मुद्दा. मराठीत दोन शब्द आहेत, मृत्युपत्र आणि इच्छापत्र. मृत्युपत्र म्हटलं की म्हातारी माणसं दचकतात, म्हणून हल्ली इच्छापत्र म्हणतात. मुसलमानासाठी हा दुसरा शब्द फसवा आहे. आपली इच्छा सगळ्या मालमत्तेवर चालतच नाही. 'वसीयत' या शब्दात इच्छेपेक्षा ताकीद आणि जबाबदारी जास्त आहे. वसीयत अमलात आणणाऱ्याला 'वसी' म्हणतात, म्हणजे ज्याच्यावर ती जबाबदारी सोपवली तो.

दोन हद्दी आहेत. पहिली, कर्ज फेडून उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच वसीयत करता येते. साद इब्न अबी वक्कास आजारी होते, वारस म्हणून एकच मुलगी होती, त्यांनी बहुतेक सगळं सदका करायचं विचारलं. हुजूरांनी नकार दिला, अर्ध्यालाही नकार दिला, तृतीयांशावर थांबवलं आणि तेही पुष्कळ आहे म्हणाले. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत सोडणं बरं, हा त्यामागचा विचार. दुसरी हद्द, जो वारस आहे त्याच्या नावे वसीयत नाही. बाकीचे वारस कबूल झाले तरच ती चालते. सुन्नी कायद्यात ही कबुली वसीयत करणारा गेल्यानंतरची धरतात. आज सगळ्या पोरांच्या सह्या घेऊन ठेवल्या म्हणून काम झालं असं नाही. शिया कायद्यात तृतीयांशाच्या आत वारसाला देता येतं. म्हणजे किराडपुऱ्यातल्या सुन्नी घराचा आणि शिया घराचा मसुदाही एक असू शकत नाही.

आणि कचेरीबाहेर टाइपिंगच्या टेबलावर काय मिळतं? तयार नमुना. "मी माझी सर्व स्थावर-जंगम मालमत्ता माझ्या इच्छेप्रमाणे माझा थोरला मुलगा यास देत आहे." नाव बदलायचं, आधार नंबर टाकायचा, झालं. हा नमुना ज्या समाजासाठी बनला, त्यांच्यात तो चालत असेल. आपल्यात त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुचकामी आहे. 'सर्व' चालत नाही, 'इच्छेप्रमाणे' चालत नाही आणि 'मुलगा' तर वारस आहे. चाचा तो कागद कपाटात ठेवून निर्धास्त होतात आणि तोच कागद पुढे दिवाणी दाव्यात दोन्हीकडून पानं भरायला उपयोगी पडतो. म्हणून वकील असा हवा, जो लिहायच्या आधी सांगेल की हे लिहिता येणार नाही. जो पहिल्या भेटीत कर्ज, मेहर, एकूण वारस आणि घरातला गेलेला मुलगा यांबद्दल विचारत नाही, त्याच्या खुर्चीवरून सलाम करून उठावं.

गेलेल्या मुलाची पोरं

सगळ्यात जास्त बोलायला हवं ते यांच्याबद्दल आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही यांच्याबद्दलच. बाप आजोबांच्या आधी वारला आणि चाचा हयात असले, तर नातवंडं महजूब होतात. आजोबांच्या मालमत्तेत त्यांना वारस म्हणून काहीच नाही. बेवा सुनेलाही नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत तरुण मुलगा गेला आणि आई-बाप मागे राहिले, अशी घरं आपल्या शहरात कमी नाहीत.

आता गणित करू. आजोबांची मालमत्ता ३५ लाखांची. दादी नाही. दोन मुलगे हयात, एक मुलगी, तिसरा मुलगा गेलेला, त्याची दोन पोरं. काही लिहिलं नाही तर मुलांना १४-१४ लाख, मुलीला ७ लाख, यतीम पोरांना शून्य. ज्या घरात ती जन्मली, त्या घरात ती पाहुणी.

आजोबांनी आज दहा लाखांची वसीयत त्या पोरांच्या नावे केली तर? नातवंडं इथे वारस नाहीत, त्यामुळे वारसाची अट आड येत नाही. ३५ लाखांचा तिसरा हिस्सा साडेअकरा लाखांच्या वर आहे, त्यामुळे दहा लाख हद्दीत बसतात. कुणाच्याही परवानगीची गरज नाही. उरले २५ लाख: मुलांना १०-१०, मुलीला ५. आणि तिसरा मुलगा जिवंत असता तर? १०, १०, १० आणि ५. अगदी तेच! एका कागदानं मेलेला बाप आपल्या पोरांच्या मागे उभा राहतो. शरीयतच्या एका शब्दालाही धक्का लागत नाही.

ज्या देशांचं नाव आपण अभिमानानं घेतो, त्यांनी हा प्रश्न कायद्यानं हाताळला. इजिप्तनं १९४६ मध्ये अशा नातवंडांसाठी सक्तीची वसीयत आणली, आजोबांनी लिहिली नाही तरी ती लिहिली आहे असं धरायचं. पाकिस्ताननं १९६१ च्या अध्यादेशात नातवंडांना थेट बापाच्या जागी बसवलं. भारतात असं काही नाही. इथे त्या पोरांकडे एकच आधार आहे, आजोबांची लेखणी. ती उचलली नाही तर तो दोष शरीयतचा नाही, आजोबांचा आहे. आणि "अब्बा, जाऊ द्या, आम्ही बघतो त्या पोरांचं" म्हणून हात धरणाऱ्या चाचांचा आहे.

फक्त मुली असतील तर

दुसरं घर. बायको, दोन मुली, मुलगा नाही. एक सख्खा भाऊ. मालमत्ता ४८ लाखांची, म्हणजे खरं तर एकच राहतं घर. हनफी हिसाबानं बायकोला आठवा हिस्सा, ६ लाख. दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश, ३२ लाख. उरलेले १० लाख भावाला. हक्काचे आहेत, भाऊ खायला उठलाय असं मी म्हणत नाही. पण घर एक आहे आणि दहा लाखांसाठी एखादी खोली तोडून देता येत नाही. भावाच्या मुलांनी वाटणी मागितली की घर विकायला निघतं, बेवा भाड्याच्या खोलीत जाते.

इथे वसीयतीचा उपयोग नाही, कारण मुली वारस आहेत. पण हयातीत हिबा करता येतो. हिब्याला तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याचं देणं, घेणाऱ्याचं कबूल करणं आणि कब्जा. तोंडी हिबा चालतो, लिहिला तरी नोंदणीची सक्ती नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये हफीजा बीबी खटल्यात मान्य केलं. तरी नोंदणी करावीच. महाराष्ट्रात २०१५ पासून नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वरचे अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. बिर्याणीच्या देगीचा हिसाब काढताना आपण यापेक्षा मोठ्या रकमा मोजतही नाही.

वकील इथेच लागतो. हिबानाम्यात "माझ्या मरणानंतर मालक होतील" असं एक वाक्य घुसलं की तो हिबा राहत नाही, वसीयत होते आणि मुलींच्या बाबतीत पडते. एकाच घरात राहून कब्जा दिला हे दाखवायचं कसं, घरपट्टी आणि मालमत्ता पत्रकावर नाव कधी चढवायचं, ही कामं अनुभवी माणसाची आहेत. आणि दवाखान्यात आयसीयूच्या खाटेवर अंगठा घेऊन केलेला हिबा? मर्ज-उल-मौतमधला हिबा वसीयतीच्याच मापानं मोजतात, तृतीयांशाच्या आत आणि वारसाला नाही. जे करायचं ते हातपाय चालत असताना करा.

केरळात कासरगोडचे वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांनी ८ मार्च २०२३ रोजी आपल्याच पत्नीशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं. तीन मुली, मुलगा नाही. मालमत्ता मुलींनाच मिळावी म्हणून त्यांनी हा मार्ग काढला, कारण त्या कायद्याखाली वारसा भारतीय वारसा कायद्यानं चालतो. त्यांच्यावर खूप टीका झाली. मला त्या वादात शिरायचं नाही. टीका करणाऱ्यांना एकच विचारायचं आहे. हिबा आणि वसीयत हे शरीयतमधले दरवाजे तुम्ही तुमच्या मोहल्ल्यात कितीजणांना दाखवलेत? दरवाजे बंद ठेवायचे आणि कुणी खिडकीतून गेलं की ओरडायचं, हे बरं नव्हे.

हिब्याची उलटी बाजू

आता ज्यांना हे वाचून हिब्यात फार रस वाटू लागला असेल, त्यांच्यासाठी. मुलींना काही मिळू नये म्हणून सगळं घर मुलांच्या नावे हिबा करणारे बाप आपल्यात आहेत. नुअमान इब्न बशीर यांच्या वडिलांनी एकाच मुलाला भेट देऊन हुजूरांना गवाह व्हायला सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं की बाकीच्या मुलांनाही असंच दिलंस का? उत्तर नाही आलं, तेव्हा त्यांनी गवाही द्यायला नकार दिला. जिथे हुजूर गवाह झाले नाहीत, तिथे आपले मामू-चाचू आनंदानं अंगठे देतात.

आणि मग हक्कसोड. बाप गेल्यावर चाळिसाव्याच्या आधी बहिणीला रजिस्ट्रीच्या कचेरीत नेतात. "आपा, भाईचं माहेर राहू दे ना तुला." तिला उर्दू येते, कागद मराठीत असतो. तिला मराठी येते, तर वाचायला वेळ दिला जात नाही. यात हिंदू-मुसलमान काही फरक नाही, महाराष्ट्रभर दोन्हीकडच्या बहिणी माहेरच्या चहाच्या बदल्यात घराचा हिस्सा सोडतात. फरक एवढाच की आपल्याकडे तो हिस्सा कुरआनात लिहिलेला आहे. पर्सनल लॉ वाचवायच्या सभेला आमखास मैदान भरतं. उत्तराखंडात जानेवारी २०२५ मध्ये समान नागरी कायदा लागू झाला, मुलगा-मुलगी समान वाटा आला, तेव्हा आपण म्हणालो की शरीयतमध्ये हात घालू नका. बरोबर. पण मग शरीयतनं दिलेला अर्धा तरी वाटा बहिणीच्या हातात पडू द्या! जो कायदा आपण घरात पाळत नाही, तो रस्त्यावर वाचवता येत नाही.

तिसरी सबब: "वकिलाकडे गेलं की भांडण सुरू होतं"

भांडण वकिलाकडे जाण्याच्या फार आधी सुरू झालेलं असतं, फक्त अब्बांच्या धाकानं ते गप्प असतं. अब्बा गेले की ते बोलू लागतं. तेव्हाही आपण अदालत रोडला जातोच, फक्त चौघे भाऊ चार वकील घेऊन. एक बाप जिवंतपणी एका वकिलाकडे गेला असता तर स्वस्तात पडलं असतं.

मग प्रत्येकानंच वकील करावा का? नाही. तुमचे वारस साधे सरळ आहेत, वारसाबाहेर कुणाला काही द्यायचं नाही, घराचे कागद स्वच्छ तुमच्या नावे आहेत, तर स्वतःच्या हातानं लिहा. कुणाचं किती देणं आहे, मेहर दिली की नाही, कुणाची अमानत घरात आहे, कोणते कागद कुठे आहेत, वसी कोण. मराठीत लिहा किंवा उर्दूत लिहून शेजारी मराठी लिहा, कारण आज कचेरीत उर्दू वाचणारा शोधावा लागतो. सक्ती नसली तरी दोन गवाहांच्या सह्या घ्या, वारस नसलेल्यांच्या. नोंदणी केलीत तर उत्तम. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी दुय्यम निबंधक येऊ शकतो, तशी कायद्यात सोय आहे.

पण पुढच्यांपैकी एकही गोष्ट तुमच्या घरात असेल, तर वकील कराच. गेलेल्या मुलाची पोरं आहेत. फक्त मुली आहेत. दोन बायका किंवा पहिल्या बायकोची मुलं आहेत. पाळलेलं मूल आहे, कारण दत्तक मूल आपल्यात वारस होत नाही, त्याला हिबा किंवा तृतीयांशाची वसीयत हाच रस्ता आहे. गावाकडे शेती आहे, कारण १९३७ च्या शरीयत कायद्यानं शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे आणि तुमच्या जमिनीबाबत त्याचा अर्थ काय, हे जाणकारानंच सांगावं. जमीन इनामाची आहे किंवा वक्फशी तिचा काही संबंध आहे. आणि घर गुंठेवारीतलं आहे.

या शेवटच्यावर थोडं थांबते, कारण आपल्या शहरात हे घरोघरचं आहे. बाँडवर घेतलेला वीस बाय तीसचा प्लॉट, त्यावर आयुष्यभराच्या कमाईचं घर. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीनं २०२० अखेरपर्यंतची बांधकामं त्यात आली. तुम्ही नियमित करून घेतलं का? बाँड नोटरीचा आहे की खरेदीखत झालं आहे? मालकीच कच्ची असेल तर वसीयत कितीही सुंदर उर्दूत लिहा, ती हवेतच लिहिलेली आहे. वकिलाचं पहिलं काम वसीयत लिहिणं नसून हे कागद पाहणं आहे.

बँकेच्या नॉमिनीबद्दलही एक गैरसमज पक्का बसला आहे. थोरल्याचं नाव नॉमिनी म्हणून घातलं की पैसा त्याचा झाला असं घरात सगळे धरतात. नॉमिनी पैसा घेतो, मालक होत नाही. विम्याबाबत सुप्रीम कोर्टानं हे १९८४ मध्येच सांगितलं. मुंबईच्या साळगावकर कुटुंबातल्या दाव्यात, जिथे रीतसर मृत्युपत्र असूनही ठेवी आणि गुंतवणुकीच्या नॉमिनीवरून प्रकरण वरपर्यंत गेलं, तिथे १४ डिसेंबर २०२३ रोजी कंपनीच्या शेअरबाबत पुन्हा तेच सांगितलं. त्या पैशातही बहिणीचा हिस्सा आहे, आईचा आठवा आहे.

पैशाची अडचण असेल त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्य मिळतं. बेवा, तलाकशुदा, माहेरी हिस्सा मागणारी बहीण, सगळ्यांना. हे मी मुद्दाम शेवटी लिहिते आहे, कारण आतापर्यंत सगळा सल्ला पुरुषांना दिला. पण वसीयत करण्याचा हक्क बाईलाही आहे. तिची मेहर, तिचे दागिने, माहेरून मिळालेला हिस्सा हे सगळं तिचं आहे. तिनंही लिहावं. आपल्या नावावर काय आहे, हे त्यानिमित्तानं तिला कळेल आणि घरातल्यांनाही.

रमजानमध्ये जकातीचा हिसाब करायला आपण वही काढतो, सोनं तोलतो, देणी वजा करतो. त्याच वहीत एक पान पुढे उलटा. वरती वारसांची नावं लिहा, मुलींची आधी. खाली कर्ज आणि मेहर लिहा. गेलेल्या मुलाची पोरं असतील तर त्यांची नावं वेगळ्या ओळीत लिहा. हे पान तयार झालं की फराइजसाठी मुफ्तीसाहेबांकडे न्या आणि मसुद्यासाठी वकिलाकडे न्या. दोघांचं मिळून एका दुपारचं काम आहे. ते आज टाळलंत तर तुमच्यानंतर कोर्टात त्याला किती वर्षं लागतील, हे अदालत रोडला फेऱ्या मारणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा.